डेटाचा काटा फिरतो तेव्हा

अमरावतीचा इतवारा बाजार घ्या किंवा अकोल्याचा मोहम्मद अली रोड घ्या, दुकानदाराच्या महिन्याच्या खर्चात भाडे, वीज आणि कामगारांची मजुरी यांच्या जोडीला इंटरनेट ही ओळ आता कायमची बसली आहे. जीएसटीचे विवरणपत्र, मालाचे ई-वे बिल, गिऱ्हाइकाने मोबाइलवरून दिलेले पैसे, सुरतेच्या व्यापाऱ्याने पाठविलेले कापडाचे फोटो, सगळे याच लाइनवरून येते-जाते. विजेचे मीटर भिंतीवर असते, ते कोणालाही वाचता येते. दुकानातल्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. परंतु इंटरनेटचा माल मोजणारा काटा नेमका कोठे आहे, तो किती आकड्यांपर्यंत मोजतो आणि ते आकडे संपल्यावर त्याचे काय होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. या काट्याची एक खोड अशी आहे की, तिच्यामुळे भागीदारांत वितुष्ट येऊ शकते आणि न झालेल्या चोरीचा आळ दुकानातल्या एखाद्या गरीब पोरावर येऊ शकतो. या आठवड्यात आम्ही त्या खोडीचाच विचार करणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. समजा साल २००९ आहे. अकोल्याच्या ताजनापेठेत दोघे साडू भागीदारीत दुकान चालवितात. पुढच्या टेबलावर एकजण फॉर्म भरणे, झेरॉक्स, तिकिटे हे काम करतो आणि आतल्या टेबलावर दुसरा मोबाइल दुरुस्त करतो. इंटरनेटची लाइन एक, संगणक दोन. लाइनचा खर्च ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे वाटून घ्यायचा, असा दोघांत ठराव आहे. म्हणून दोन्ही संगणकांवर मोजणीचे छोटे सॉफ्टवेअर बसविले आहे. महिनाअखेर एका संगणकाने ०.९ जीबी दाखविले, दुसऱ्याने २.४ जीबी. बेरीज ३.३. कंपनीचे बिल मात्र ७.६ जीबीचे आले. मर्यादेच्या वर गेलेल्या प्रत्येक एमबीला पैसे लागत होते, त्यामुळे बिलाचा आकडा दोघांच्याही डोळ्यांत आला. वरचे ४.३ जीबी कोणी वापरले? एक साडू म्हणतो कंपनी लबाड आहे. दुसरा म्हणतो, संध्याकाळी दुकान सांभाळणारा पोरगा सिनेमे उतरवून घेतो. पोरगा शपथा घेतो, पण त्याचे कोण ऐकतो? पुढच्या महिन्यापासून त्याची चावी काढून घेतली जाते.

आता त्या तफावतीकडे पुन्हा पाहा. ती ४ नाही, ५ नाही, ४.३ आहे. संगणकाचे काम जाणणारा कोणीही हा आकडा पाहून पहिली शंका चोराची घेणार नाही, काट्याची घेईल.

पाच चाकांचे मीटर, बत्तीस खान्यांचा काटा

जुन्या विजेच्या मीटरमध्ये आकड्यांची पाच चाके असत. ९९,९९९ झाले की पुढच्या युनिटला सगळी चाके शून्यावर येत. मीटर वाचणाऱ्याला मागचा आकडा ९९,९५० आणि आजचा ००,०३० दिसला तर तो गिऱ्हाइकाने वीज परत केली असे लिहीत नसे. चाके एकदा फिरली हे समजून तो ८० युनिट लिही. स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्याचेही असेच होते.

संगणकाची मोजणी याच तत्त्वावर चालते, फक्त त्याच्या चाकावर दहा आकडे नसून दोनच असतात, शून्य आणि एक. अशी बत्तीस चाके, म्हणजे बत्तीस खाने, एका मोजणीला देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. बत्तीस खान्यांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा मावतो. पुढचा एक बाइट आला की काटा शून्यावर. बाइट म्हणजे या धंद्यातला तोळा समजा. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दू अक्षराला दोन आणि मराठी अक्षराला तीन किंवा त्याहून अधिक. (आपला मजकूर जड आहे, हे यावरून सिद्ध होतेच!) तर ४२९ कोटी बाइट म्हणजे साधारण ४.३ जीबी. आपल्या साडूंच्या हिशेबात हरवलेला माल नेमका एवढाच आहे.

झाले असे असणार. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने एखाद्या रात्री हँडसेटमध्ये भरायच्या सॉफ्टवेअरच्या मोठ्या फाइली उतरवायला लावल्या आणि संगणक सुरू ठेवून तो घरी गेला. सकाळपर्यंत काटा एक पूर्ण फेरी मारून पुढे सरकला. सॉफ्टवेअरने सकाळचा आकडा तेवढा टिपला, फेरीची नोंद कोठेच झाली नाही. विंडोज एक्सपीपर्यंतच्या संगणकांत नेटवर्कची ही मोजणी बत्तीस खान्यांचीच होती. चौसष्ट खान्यांची मोजणी पुढे व्हिस्टापासून मिळाली, आणि तीसुद्धा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मागून घेतली तर.

ज्यांनी बत्तीस खाने ठरविले ते अडाणी होते असे मात्र नाही. नेटवर्कच्या यंत्रांची मोजणी जगभर कशी ठेवावी याचे जे प्रमाण १९९१ साली प्रसिद्ध झाले, त्यात आलेले आणि गेलेले बाइट मोजायला बत्तीस खानेच दिले होते. त्या काळाच्या मानाने ते भरपूर होते. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केले तेव्हा गिऱ्हाइकाला तास विकत मिळत, माल नव्हे. पुढे टेलिफोनच्या तारेवर ५६ केबीपीएसचा वेग मिळू लागला. त्या वेगाने ४२९ कोटी बाइट यायला लाइन सात दिवस आणि सात रात्री अखंड चालू ठेवावी लागली असती. फोनचे बिल, तासांचा पॅक आणि मध्येच तुटणारी लाइन या तिघांतून वाचून सात दिवस कोण टिकणार? २५६ केबीपीएसवर हीच फेरी ३७ तासांवर आली. २ एमबीपीएसवर पावणेपाच तासांवर. आज अमरावतीत वा अकोल्यात शंभर एमबीपीएसची तंतूवाहिनी घेणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि त्या वेगाला पूर्ण भार टाकला तर बत्तीस खान्यांचा काटा ३४३ सेकंदांत शून्यावर येतो. टपरीवर चहा सांगावा आणि तो येईपर्यंत काट्याची फेरी पूर्ण व्हावी, असा हा मामला आहे.

या खोडीची एक धाकटी बहीणही आहे. काही सॉफ्टवेअर बत्तीसपैकी एक खाना अधिक-उणे या खुणेसाठी राखून ठेवतात. मग मोजणीला एकतीसच उरतात आणि मर्यादा २,१४,७४,८३,६४७ वर येते. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी या हिशेबाने दोन जीबीचे बाइट होतात २,१४,७४,८३,६४८. फक्त एक जास्त! म्हणून दोन जीबी पूर्ण होताच अशा सॉफ्टवेअरमध्ये वापर उणे दोनशे चौदा कोटी असा दिसतो. उणे वापर पाहून कोणी खूष होण्याचे कारण नाही. कंपनीच्या वहीत तो अधिकच असतो.

लोडशेडिंगने वाढविलेले बिल

काटा फिरला आणि फेरी नोंदली गेली नाही तर वापर कमी दिसतो. उलट दिशेची चूक व्यापाऱ्याला अधिक जाचक आहे आणि आमच्या वऱ्हाडाशी तिचा जवळचा संबंध आहे.

हुशार सॉफ्टवेअर विजेच्या मीटरवाल्याप्रमाणेच वागते. मागचा आकडा मोठा आणि आजचा लहान दिसला की काटा फिरला असे ते धरते. उदाहरणार्थ मागचा आकडा ४०० कोटी, आजचा १० कोटी. मग ४,२९,४९,६७,२९६ मधून ४०० कोटी वजा करून त्यात १० कोटी मिळविले की ३९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे सुमारे ०.४ जीबी वापर झाला. हिशेब चोख आहे. पण त्यात एक गृहीत दडले आहे. आकडा लहान झाला तो काटा फिरल्यामुळेच, दुसऱ्या कारणाने नाही.

दुसरे कारण आपल्याकडे रोज घडत असे. साधारण २००५ पासूनच्या काही वर्षांत महाराष्ट्रात विजेचे जे भारनियमन झाले ते ज्यांनी दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अचलपूर या बाजूला दुकान चालवून काढले त्यांना वेगळे सांगायला नको. वीज गेली की रूटर बंद. वीज आली की रूटर सुरू आणि त्याची मोजणी शून्यापासून. आता वरचे हुशार सॉफ्टवेअर काय करील? समजा वीज जाण्यापूर्वी काटा ५० कोटींवर होता आणि आल्यावर तो १ कोटीवर दिसला. सॉफ्टवेअर म्हणेल, काटा फिरला. ४२९ कोटींतून ५० वजा, अधिक १, म्हणजे ३८० कोटी बाइट. प्रत्यक्षात १ कोटी बाइट वापरणाऱ्याच्या नावावर ३.८ जीबी चढले! दिवसातून दोनदा वीज गेली तर दोनदा. ज्याचा वापर कमी, त्याच्या नावावर अधिक चढणार, कारण त्याचा काटा फेरीच्या आरंभालाच असतो. गरिबावरच जास्त बोजा पडावा असा हा हिशेब आहे.

यावर उपाय नाही असे नाही. नेटवर्कच्या यंत्रात मोजणीच्या शेजारीच, हे यंत्र किती वेळापासून सुरू आहे, हा आकडाही ठेवलेला असतो. तो आकडाही लहान झाला असेल तर यंत्र नव्याने सुरू झाले, काटा फिरला नाही. चांगले सॉफ्टवेअर दोन्ही आकडे वाचते. हलके सॉफ्टवेअर एकच वाचते. गल्लीतल्या केबलवाल्याकडून किंवा लहान पुरवठादाराकडून जोडणी घेतली असेल आणि महिन्याच्या आकड्यात मधूनच तीन-चार जीबीची उडी दिसत असेल, तर ती उडी वीज गेलेल्या वेळेशी जुळते काय हे आधी पाहावे. वीज कधी गेली हे लिहून ठेवण्याची सवय आपल्याकडे पिठाची गिरणी चालविणाऱ्यांना असते, ती येथेही उपयोगी आहे.

पुरवठादाराच्या बाजूलाही काटा फिरतोच. गिऱ्हाइकाची लाइन जोडली गेली, तुटली, मधल्या काळात किती बाइट आले आणि गेले, याची नोंद जे यंत्र मुख्य वहीकडे पाठविते, तिच्या जुन्या नमुन्यात बाइटांसाठी बत्तीसच खाने होते. जून २००० मध्ये या नमुन्याला एक पुरवणी जोडण्यात आली. तिने काटा किती वेळा फिरला हे सांगणारा वेगळा रकाना दिला, आणि लाइन चालू असतानाच ठरावीक वेळाने मधली नोंद पाठविण्याची सोयही केली. म्हणजे आता पुरवठादाराच्या वहीत दोन रकाने वाचायचे असतात, फेऱ्या आणि वरचे बाइट. ज्याच्या बिलाच्या सॉफ्टवेअरला दुसरा रकाना माहीतच नाही, तो स्वतःचे नुकसान करून घेतो किंवा पुढे आकडा जुळेना म्हणून गिऱ्हाइकाशी भांडतो.

हे फक्त लहान दुकानांत घडते असे समजू नये. अमेरिकेतील कोमएअर या विमान कंपनीच्या, वैमानिक व कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये महिन्याला ३२,७६७ बदलांपेक्षा अधिक नोंदी मावत नव्हत्या. डिसेंबर २००४ मध्ये बर्फाच्या वादळामुळे पाळ्या वारंवार बदलल्या, आकडा भरला आणि ऐन नाताळच्या दिवशी कंपनीची सुमारे अकराशे उड्डाणे रद्द झाली. तेथे सोळा खान्यांचा काटा होता, येथे बत्तीस खान्यांचा, एवढाच फरक.

दोन काटे कधीच सारखे चालत नाहीत

एसटीडी-पीसीओचा धंदा ज्यांनी केला आहे त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. बूथमध्ये एक यंत्र असे. ते गिऱ्हाइकाला पावती छापून देई. दुसरी मोजणी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होई. गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे ते बूथच्या यंत्राप्रमाणे आणि खात्याला भरायचे ते एक्सचेंजच्या मोजणीप्रमाणे. बिलावर आरंभीचा आकडा आणि अखेरचा आकडा छापलेला असे. शहाणा बूथवाला रोज रात्री आपल्या यंत्राची बेरीज वहीत मांडी आणि बिल आले की ताडून पाही. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नसत, पण दर महिन्याला फरक साधारण सारखा असे. ज्या महिन्यात फरक एकदम वाढला, त्या महिन्यात काही तरी बिघडले आहे हे त्याला कळे.

डेटाचेही तसेच आहे. तुमच्या फोनचा काटा वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि पैसे कापले जातात ते कंपनीच्या काट्याप्रमाणे. दोघांत थोडा फरक प्रामाणिकपणेही पडतो. एक तर जीबी म्हणजे १००० एमबी की १०२४ एमबी यावर जगाचे एकमत नाही. त्यामुळे प्रत्येक जीबीमागे सात टक्क्यांहून थोडा अधिक फरक येतो. वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला याचे आश्चर्य वाटायला नको. आजही शेतकऱ्याचा कापूस क्विंटलने जातो आणि रुईचा भाव सुमारे ३५६ किलोच्या खंडीने निघतो. कोणत्या मापाने बोलणे चालले आहे हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे झाले. दुसरे असे की, तार पेटीसकट वजन करते. पंधराशे बाइटांच्या प्रत्येक पुडक्यात पत्ता वगैरे लिहायला चाळीस बाइट तरी जातात. संत्र्याच्या पेटीचे वजन बागवान बंधू वजा करतात, डेटात ते वजा होत नाही. रस्त्यात हरवलेले पुडके पुन्हा पाठवावे लागते तेही मोजणीत येऊ शकते. शिवाय नुसते उतरविलेलेच नव्हे तर पाठविलेलेही वापरात धरले जाते. व्हॉट्सॲपवर दिवसभर मालाचे व्हिडिओ पाठविणाऱ्या आपल्या कापडवाल्यांना हे माहीत असावे.

वेळेच्या सीमेवरही भांडण होते. भारत संचार निगमची डेटावन ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या एका लोकप्रिय योजनेत दिवसा जीबीची मर्यादा आणि रात्री २ ते सकाळी ८ मुक्त वापर अशी सवलत होती. कित्येक तरुण गजर लावून उठत. जाणते लोक दोन वाजून काही मिनिटे जाऊ देत, लाइन तोडून पुन्हा जोडीत आणि मगच फाइल उतरवायला लावीत. आपले घड्याळ पुढे असू शकते आणि हिशेब कंपनीच्या घड्याळाचा चालतो, हे त्यांनी ओळखले होते. पूर्वी रात्री अकरानंतर पाव दरात एसटीडी लागे तेव्हा बूथसमोर रांगा लावणाऱ्यांचीच ही पुढची पिढी म्हणायची.

त्यानंतर डोंगल आले. संगणकाला लावायच्या त्या काडीबरोबर जोडणीचे सॉफ्टवेअर येई आणि त्यात किती वेळ, किती उतरविले, किती पाठविले हे छान रंगीत आकड्यांत दिसे. पण पुष्कळदा ती नोंद संगणकात राही, डोंगलमध्ये नाही. तेच डोंगल भावाच्या संगणकाला लावले की तेथे वापर शून्य. दोन्ही ठिकाणी थोडा थोडा वापर दिसे, कंपनी दोन्हींची बेरीज करी आणि पॅक अर्ध्या महिन्यात संपे. दोष डोंगलचा नव्हता आणि कंपनीचाही नव्हता. वह्या दोन होत्या आणि बेरीज कोणी मांडली नव्हती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर रोजच्या जीबीचा जमाना सुरू झाला. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये डेटा वापराचा पडदा २०११ पासूनच्या आवृत्त्यांत आहे. त्यात इशारा आणि मर्यादा दोन्ही लावता येतात. मात्र त्या पडद्यावरचा महिना आपल्या पॅकच्या तारखेपासून सुरू होतो काय हे पाहणे आपले काम आहे. पॅक १७ तारखेला आणि फोनचा महिना १ तारखेला असेल तर तो आकडा पाहून काय उपयोग? घरच्या तंतूवाहिनीवर आज अनेक योजनांत महिन्याला ३३०० जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळतो, त्यानंतर वेग कमी होतो. तेवढा माल बत्तीस खान्यांच्या काट्याने मोजायचा तर तो महिन्यात ७६८ वेळा फिरेल. चौसष्ट खान्यांचा काटा मात्र एका जीबीपीएसच्या वेगानेही फिरायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे घेईल. तेव्हा नवा रूटर घेताना वेग विचारतो तसे, मोजणी किती खान्यांची, हेही विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तरी विचारण्याने बिघडत काही नाही.

तक्रार कोठे करावी

डेटाच्या काट्यावर कोणी शिक्का मारीत नाही हे खरे. त्याऐवजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मोठ्या कंपन्यांच्या मोजणीची व बिलांची तपासणी लेखापरीक्षकांकडून करून घेण्याचा नियम २००६ साली केला आणि २०२३ मध्ये तो नव्याने काढला. ग्राहकाच्या हातात येणारे हक्क वेगळे आहेत आणि ते आपले लोक फारसे वापरत नाहीत. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा अधिक घेऊ शकत नाही आणि तो ३० दिवसांत द्यावा लागतो, असे २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांत आहे. पॅक निम्मा संपला, नव्वद टक्के संपला, पूर्ण संपला, याचे संदेश पाठविण्याचे बंधनही कंपनीवर आहे. ते संदेश जाहिराती समजून पुसून टाकू नयेत. तीच आपली आरंभीची आणि अखेरची नोंद.

तक्रार १९८ या क्रमांकावर नोंदवावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. त्याशिवाय पुढचे काही चालत नाही. उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याला फी नाही, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावयाचा असतो. अपिलात "तुम्ही लुबाडले" एवढेच लिहून भागत नाही. अमुक तारखेला अमुक वाजता माझा आकडा हा, तुमचा हा, मध्ये वीज गेली होती ती या वेळी, असे लिहिलेला कागद वजनदार ठरतो. ज्याच्याकडे रोजकीर्द आहे त्याला हे जड जाणार नाही.

शेवटी, जे स्वतः काटा हातात घेणार आहेत त्यांच्याबद्दल. केंद्र सरकारने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी या योजनेला मंजुरी दिली. तिच्यामुळे चहावाला, किराणावाला, पंक्चरवाला आपल्या दुकानात वाय-फाय बसवून गिऱ्हाइकांना डेटा विकू शकतो. त्याला स्वतंत्र परवाना लागत नाही, नोंदणीकृत एकत्रीकरण कंपनीशी जोडून घ्यावे लागते. अशा दुकानदाराकडून मोठ्या दराने लाइनचे पैसे घेतले जात, म्हणून जून २०२५ मध्ये ट्रायने, २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारू नये असे ठरविले. अमरावतीच्या बसस्थानकाबाहेर किंवा अकोल्याच्या रेल्वे स्टेशनसमोर बसणाऱ्या आपल्या बांधवांना यात धंदा आहे. पण येथे आपण ग्राहक राहात नाही, तोलणारे होतो, आणि माप-तोलाबाबत आपल्या वडीलधाऱ्यांची ताकीद काय असते ते सांगायला नको.

तेव्हा पहिले कुपन विकण्यापूर्वी घरच्या घरी एक परीक्षा करून घ्यावी. रूटर नव्याने सुरू करावा, त्याचा आकडा लिहावा आणि बरोबर पाचशे कोटी बाइटांची एखादी फाइल त्यातून उतरवून पाहावी. काट्याने पाचशे कोटींपेक्षा थोडे अधिक दाखविले तर काटा ठीक आहे, वरचे ते पेटीचे वजन. त्याने सत्तर कोटी पन्नास लाखांच्या थोडे वर दाखविले तर तो बत्तीस खान्यांचा आहे आणि एकदा फिरला आहे. असा रूटर विकणाऱ्याकडे परत न्यावा, नवी आवृत्ती भरून मिळते काय विचारावे. तोपर्यंत जीबीची कुपने न विकता तासाची विकावीत.